राजकालुवे कोणाचे?

बंगळूर शहराला मोठी बारमाही नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर, पाणलोटाच्या माथ्यावरच ते वसले आहे. त्यामुळे 1537 च्या सुमारास केंपेगौडाने येथे पेठ वसविली तेव्हा कोटाबरोबर तळीही बांधली गेली. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्याबरोबर येथे आलेल्या मराठी मंडळींचे जीवनही याच तळ्याविहिरींवर चालले.

हे तळे एकटे कधीच नसे. वरचे भरले की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात जाई. त्यांना जोडणाऱ्या ओढ्याला येथे ‘राजकालुवे’ म्हणतात. शेताला पाणी सोडणारा गावकामगार म्हणजे ‘नीरगंटी’. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी जे काम करी, तेच जवळपास याचे. व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणणार नाही, जातीची उतरंड तीतही होतीच. परंतु पाणी अडले तर कोणाला बोलवायचे, हे गावाला ठाऊक असे.

1896 मध्ये हेसरघट्टाहून नळाने पाणी आले, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि 1974 मध्ये कावेरीचे. पाणी लांबून येऊ लागले तशी जवळची तळी निरुपयोगी ठरली आणि निरुपयोगी तळे म्हणजे सरकारी कागदावर ‘उपलब्ध जमीन’. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. हे अतिक्रमण नव्हते. रीतसर मंजुरीने झाले. आम्हा प्रशासकांना हे मान्य करणे जड जाते.

शासनाला जाग आली नाही असेही नाही. 1985 मध्ये एन. लक्ष्मण राव या ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; उरलेली तळी राखावीत या तिच्या शिफारशी 1988 मध्ये स्वीकारल्याही गेल्या. 2002 मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले, पण ते एक नोंदणीकृत संस्था म्हणून. दंड करण्याचा अधिकार त्याला नव्हता. 2014 च्या कायद्याने नवे प्राधिकरण आले, तेही 2018 मध्ये विसर्जित करून त्याचे काम लघुपाटबंधारे खात्याकडील प्राधिकरणास देण्यात आले. दरम्यान जमीन महसूल खात्याची, सांडपाणी जलमंडळाचे, पावसाळी नाला महापालिकेचा आणि दूषित पाण्याचे नमुने प्रदूषण मंडळाचे, अशी वाटणी कायम राहिली. फेब्रुवारी 2017 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2018 मध्ये बेळंदूर तळ्याला आग लागली. पाण्याला आग लागते हे जगाने पाहिले. ती कोणत्या खात्याची, हा वाद आम्ही घातला.

नोव्हेंबर 2023 मध्ये बंगळूर महापालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. पॅरिस करारानंतर जगातील अनेक महानगरांनी असे आराखडे केले. 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट येथेही आहे. उद्दिष्टाविषयी दुमत नाही. परंतु कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून, 300 मीटरहून अधिक उंच चढवून आणावे लागते, आणि त्यासाठी अखंड वीज जळते. म्हणजे बुजविलेल्या प्रत्येक तळ्याचा हिशेब या आराखड्यात कुठेतरी उमटतोच. सप्टेंबर 2022 मध्ये अतिवृष्टीने शहराच्या पूर्व भागातील वसाहती पाण्यात बुडाल्या आणि मार्च 2024 मध्ये त्याच शहरात टँकरसाठी रांगा लागल्या. हवामानबदलाने पाऊस लहरी केला हे खरे. तथापि पडलेला पाऊस धरून ठेवण्याची जागा पॅरिसच्या कितीतरी आधी, स्थानिक सह्यांनीच गेली होती.

सप्टेंबर 2025 मध्ये त्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आणि त्यांच्यावर बृहत् बंगळूर प्राधिकरण. जुन्या पेठेकडून निघालेले पाणी बेळंदूरला पोहोचेपर्यंत आता एकाहून अधिक महापालिकांच्या हद्दी ओलांडते.