खानदेशांतील घर आणि हिंवाळा

खानदेशचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उन्हाळा उभा राहतो. मे महिन्यांत भुसावळच्या स्टेशनवर गाडी बदलण्याचा प्रसंग ज्या श्रोत्यावर आला असेल, त्याला या मुलखांत कोणी थंडीनें कुडकुडत असेल ही गोष्टच खरी वाटणार नाहीं. तरीपण मार्गशीर्ष-पौषांत उत्तरेचा कोरडा वारा सुटला म्हणजे धुळ्याचा पारा महाराष्ट्रांतील बहुतेक शहरांच्या खालीं जातो. तेथील कृषि महाविद्यालयांत पांच अंश सेंटिग्रेडच्याही खालचे आंकडे अलीकडच्या हिंवाळ्यांत नोंदले गेले आहेत. जानेवारींत जळगांवीं दुपारचें तपमान तीस अंशांच्या जवळपास, आणि पहाटेचें बारा किंवा त्याहूनही कमी. एका दिवसांत दोन ऋतु! येथील जुनें घर समजून घ्यावयाचें तर हा दोन ऋतूंचा दिवस प्रथम ध्यानांत ठेवला पाहिजे.

हें घर म्हणजे धाब्याचें घर. लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यांची दाट किलचण, तिजवर पाला किंवा तुराट्या, आणि सर्वांच्या वर मातीचा जाड थर. अगदीं वरची माती मात्र साधी चालत नसे. काळी माती सुकली कीं भेगाळते. म्हणून ती पांढरी किंवा खारी हवी, कारण ती पावसांत घट्ट बसते आणि पाणी खालीं उतरूं देत नाहीं. शेताला काळी आणि गांवठाणाला पांढरी म्हणण्याचा आपल्याकडे रिवाज आहे, तो उगीच नव्हे. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण आणि ढासळलेल्या भिंती मिसळून जुन्या वस्तीच्या जागीं जीं टेकाडें बनतात, त्यांचीच ही माती. गिरणेच्या खोऱ्यांतील बहाळ आणि तापीकांठचें प्रकाशें येथें १९५० नंतरच्या दशकांत उत्खननें झालीं, तेव्हां अशा टेकाडांच्या पोटांत ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर निघाले. छपरावर पसरलेली माती एके काळीं दुसऱ्या कोणाची तरी भिंत होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. (पांढरीच्या गाड्या भरून नेतांना किती इतिहास उकरून गेला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं.)

भिंतीही तशाच जाड, आणि त्यांना खिडक्या जवळजवळ नसत. हें थंडीच्या विचारानें झालें असेल काय? थंडीपेक्षां भीतीचा वांटा त्यांत अधिक दिसतो. १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांच्या फौजेनें हा प्रांत लुटला, लागलीच १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि त्यामागून पेंढाऱ्यांचा उपद्रव. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल आल्यावरही वाटा निर्धोक होण्यास काळ लागला. धरणगांवास भिल्ल पलटण उभारली गेली ती १८२५ मध्यें. अशा काळांत रस्त्याकडे खिडकी कोण ठेवील? उजेड यावयाचा आणि धूर जावयाचा तो धाब्यांतील एका भोंकांतून.

परंतु चोरासाठीं बांधलेली भिंत थंडीसही उपयोगी पडली. दीड-दोन फूट मातींतून दुपारची उष्णता आंत पोहोंचावयास दहाबारा तास लागतात. दुपारीं घर थंड. आणि बाहेर गारठा पडतो त्या वेळीं भिंत दिवसां घेतलेली ऊब हळूहळू आंत सोडीत असते. सरपण न जाळतां घर ऊबदार राही, तें यामुळें.

तरी तयारी करावीच लागे, आणि ती दसऱ्यापासून सुरू होई. पावसानें धुपलेलें धाबें मातीनें सारखें करावयाचें, भिंतींच्या भेगा बुजवावयाच्या, जमीन शेणानें सारवावयाची. नवा कापूस घरीं आला कीं पिंजारी आपली धनुकली घेऊन दारीं येई. त्याच्या तातीचा तो टणत्कार म्हणजे गल्लींत हिंवाळा आल्याची वर्दीच. जुन्या गाद्यांतील दडपलेला कापूस पुन्हां फुले, आणि ऊब त्या फुलण्यांत असते, वजनांत नसते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून होत. वेचणी संपलेल्या कपाशीच्या काड्या शेकोटीसाठीं अंगणांत रचल्या जात. बैल पुष्कळ ठिकाणीं घराच्याच पुढच्या खणांत बांधलेले असत, त्यांच्या अंगाचीही ऊब घरास मिळे. धाब्यांतील भोंक पालथ्या मडक्यानें झांकीत, पण तें अगदीं गच्च बसत नसे. या लहानशा फटीची किंमत पुढें कळली.

१८६० नंतरच्या दशकांत चाळीसगांव, जळगांव, भुसावळ या वाटेनें आगगाडी आली. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें कापसास सोन्याचा भाव आला होता. कापसामागून जिन आले, जिनांवर पन्हळी पत्रे आले, आणि ते पत्रे हळूहळू माणसांच्या घरांवर चढले. धाब्याला दरवर्षीं माती लागते, पत्र्याला लागत नाहीं. मजुरी करणाऱ्या कुटुंबानें पत्रा पसंत केला यांत नवल नाहीं. पण पत्रा उष्णता सांठवीत नाहीं. निरभ्र रात्रीं तो भोंवतालच्या हवेपेक्षांही थंड होतो, आणि पहाटे आंतल्या बाजूनें दंव धरून अंथरुणावर ठिबकतो. अशा खोलींत दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटविली म्हणजे कोळशाचा विषारी वायु कोंडतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. निजलेल्या माणसाला जाग येत नाहीं. धाब्याच्या भोंकाला एवढें तरी कळत होतें!

रावेर-यावलकडचे केळीवाले दहा अंशांखालीं पारा उतरूं लागला कीं बागेभोंवतीं वारा अडविणारें कुंपण पाहतात, रात्रीं पाणी देतात, पहाटे धूर करतात. केळीला थंडी बाधते हें तेथें शेंबडें पोरही सांगेल. पत्र्याखालच्या म्हातारीसाठीं आणि तान्ह्या मुलासाठीं मात्र अशी कोणतीच वहिवाट पडली नाहीं. कांहीं घरांत पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून गोणपाटाचें किंवा तुराट्यांचें छत ताणतात. मधली हवा कोंडली गेली कीं दंव ठिबकणें थांबतें आणि रात्र बरीच सुसह्य होते. गोणपाट बाजारांत मिळतें, तुराट्या शेतांत पडलेल्या असतात, आणि काम एका दुपारचें आहे. फक्त शेगडी बाहेर विझवून यावयाची आणि वरच्या कोपऱ्यांत हात जाईल एवढी फट ठेवावयाची.