पिओरिया : एका नावाविषयी तळटीप
'हे पिओरियात चालेल का?' (म्हणजे सर्वसामान्य अमेरिकनांना पटेल का?) या अमेरिकी वाक्प्रचारातल्या पिओरियाचा अर्थ मागासलेले गाव असा लावणे चूक आहे. इलिनॉय नदीकाठच्या या शहराचे नाव व्हॉडव्हिल म्हणजे विविधरंजनाचे खेळ करणाऱ्या फिरत्या मंडळ्यांमुळे वाक्प्रचारात आले, अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार जॉन अर्लिकमन यांनी ते राजकारणात रुळवले, आणि नवी उत्पादने आधी इथे विकून पाहणाऱ्या कंपन्यांनी ते टिकवले. या तिन्ही वापरांत पिओरियाकराचा कौल निर्णायक आहे. पिओरियाकर चेष्टेचा विषय नाही. महानगरी तोंडी या नावाला तुच्छतेची छटा येते, हा आक्षेप खरा आहे. पण ज्याची पसंती हवी त्यालाच कमी लेखणे हा बोलणाऱ्याचा अहंकार झाला, नावाचा अर्थ नव्हे. शहर 'सरासरी' होते हेही अर्धेच खरे : १८५४ साली लिंकन यांनी गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्धचे गाजलेले भाषण इथे केले, आणि स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन व विनोदी कलाकार रिचर्ड प्रायर यांचा जन्म इथलाच. मुळात हे नाव पिओरिया या आदिवासी जमातीचे. तिला पश्चिमेकडे हटवण्यात आले आणि आज तिचे मुख्यालय ओक्लाहोमात आहे. 'सर्वसामान्य अमेरिका' म्हणून हे नाव उच्चारताना नेमकी तीच माणसे हिशेबातून गळतात. या सर्व कारणांमुळे मजकुरात 'एखादे खेडे' असा पर्याय न देता मूळ नाव राखले आहे.