ताकभात आणि आतड्याचा दाह

चिटगुप्पा, हुमनाबाद या भागात कोणाचे पोट दीर्घकाळ बिघडले, की घरची वडील माणसे प्रथम त्याची ज्वारीची भाकरी बंद करतात व मऊ भात आणि ताक यांवर त्याला ठेवतात. या रिवाजामागे फार जुनी परंपरा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणी रोगास वाहिलेला असून, भूक वाढविणारे, मळ बांधणारे व पचावयास हलके म्हणून ताकास त्यात श्रेष्ठ स्थान दिले आहे. मात्र ग्रहणी हे अनेक विकारांना व्यापणारे नाव होय.

त्यांपैकी आतड्याच्या चिवट दाहाची निराळी ओळख पटली ती अलीकडे. मोठ्या आतड्यास व्रण पडणाऱ्या विकाराचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली केले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाहाचे वर्णन न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी १९३२ साली प्रसिद्ध केले. हा रोग पाश्चात्त्यांचाच, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबातील पाहणीत मोठ्या आतड्याच्या व्रणांचे रोगी लाखात सुमारे ४४ आढळले, तेव्हा ती समजूत टिकली नाही.

पथ्याचा शोध तिकडेही झाला. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह यांनी १९६१ साली दुधाने विकार उफाळलेले रोगी नोंदविले. परंतु दूध सोडल्याने गुण येतो तो थोड्यांनाच, असे पुढे दिसले. क्रोनच्या विकाराने पीडित मुलांना सहा ते आठ आठवडे केवळ परिपूर्ण द्रव अन्न दिल्यास दाह बहुधा शमतो, हे मात्र मान्य झाले आहे. ते अन्न म्हणजे उपवास नव्हे. त्यात शरीरास लागणारे सारे पोषण असते.

आपल्या रिवाजाची मर्यादा नेमकी येथे आहे. ताकभात चार दिवस आराम देतो. तोच महिनोन्महिने चालला, तर रोगी खंगतो आणि दाह आत चालूच राहतो. शिवाय आतड्याचा क्षयही अशाच लक्षणांनी येतो, आणि दाह दाबणारी काही औषधे क्षयास वाढवितात. दोहोंतील भेद पथ्याने कळत नाही. त्यास दुर्बिणीची तपासणी लागते.

म्हणून शौचावाटे रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. दाह शमला आणि आतडे अरुंद झालेले नसले, तर त्यांच्या सल्ल्याने भाकरी व वरण पुन्हा पानात यावे. पथ्य हे औषधाचे सोबती आहे. त्याची जागा ते घेऊ शकत नाही.