पावले आत वळणे
उभे राहताना वा चालताना पायांचे चवडे समोर न राहता एकमेकांकडे वळणे. लहान मुलांत ही ठेवण सर्रास आढळते. मात्र तिचे मूळ पावलातच असते असे नाही. तान्ह्या बाळात पावलाचा पुढचा भाग आत वळलेला असतो, नुकत्याच चालू लागलेल्या मुलात नडगीच्या हाडाला आतला पीळ असतो, तर ३ वर्षांनंतर कारण बहुधा मांडीच्या हाडात सापडते. या हाडाची मान जन्मतः सुमारे ४०° पुढे वळलेली असते व प्रौढपणी हा कोन १५° च्या आसपास येतो. तो कमी व्हायला वेळ लागला, तर चालताना गुडघ्याच्या वाट्याही आत वळतात, धावताना पोटऱ्या बाहेर फेकल्या जातात आणि मूल पाय दोन्ही बाजूंना टाकून फतकल मारते. ही बैठक हाडाच्या ठेवणीतून येते. त्यावरून मुलाला दटावण्यात अर्थ नाही. बहुतेकांची चाल ८-१० वर्षांपर्यंत आपोआप सुधारते. खास बूट व पट्टे यांनी फरक पडत नाही, तरी ते विकले जातात. वळण एकाच पायात असेल, वाढत असेल, दुखत असेल वा मूल लंगडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. जन्मजात वाकडे पाऊल (क्लबफूट) हा विकार निराळा. त्यात पाऊल ताठर असते आणि पोन्सेटी पद्धतीने टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालावे लागते.