ऑनलाइन समुपदेशन: १४४१६ वर फोन केल्यावर काय होतं?

जिंतूर-गंगाखेडहून शिकायला पुण्यात आलात, नोकरी गेली, घरची जबाबदारी अचानक अंगावर आली. झोप उडाली, कशातच मन लागेना. अशा वेळी मोबाइलवरूनही मदत मिळते.

मोफत पर्याय: ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ डायल करा, मराठी निवडा. साधा कॉल आहे, त्यामुळे इंटरनेट लागत नाही. रात्री २ वाजताही चालतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक तुमचं ऐकून घेतात. गरज असेल तर मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात.

खासगी ॲपवर पैसे भरण्याआधी:

- समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक विचारा.
- बोलणारा माणूस आहे की चॅटबॉट, हे स्पष्ट करून घ्या.
- व्हिडिओ सेशनला कॅमेरा आणि माइक पुरतो. कॉन्टॅक्ट्स, गॅलरीची परवानगी देऊ नका.

घरात एकांत नसेल तर इअरफोन लावून गच्चीवर बसा. एका सेशनमध्ये सगळं सुटत नाही. पटलं नाही तर समुपदेशक बदलता येतो.

जीव द्यायचे विचार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. लगेच १४४१६ लावा, जीवाला धोका असेल तर ११२, आणि जवळच्या कुणाला तरी सांगा.