युलिपचा इतिहास: जोखमीचा धनी कोण?

मी रायपूरच्या भनपुरीतून बोलतोय. बिलासपूर रस्त्यावरची ही औद्योगिक वस्ती. इथे रोलिंग मिला आहेत, गोदामं आहेत, ट्रकांची ये-जा आहे. कारखान्यात पगार वाढला, बोनस हातात आला की इथल्या घरांत हमखास एक प्रश्न निघतो, ‘युलिप घ्यावी का?’ युलिप म्हणजे एकाच हप्त्यात थोडा विमा आणि बाकीची बाजारातली गुंतवणूक. मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तरही मी इतिहासातच शोधतो. आणि गंमत अशी, की या इतिहासाचा एक धागा आपल्या रायपुरातूनच जातो.

चिंतामणराव देशमुख आपल्याला माहीत आहेत ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री म्हणून. पण त्याआधी आयसीएस अधिकारी म्हणून त्यांची उमेदीची वर्षं मध्य प्रांतात गेली. रायपूर जिल्ह्याच्या जमीन-बंदोबस्ताचं काम त्यांनीच केलं. कुणाची जमीन किती, तिचा कस काय, तिच्यावर सारा किती बसवायचा, असं ते काम. याच देशमुखांनी १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं, की आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत आहे.

ही वेळ का आली? १९५५च्या डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं. विमेदारांनी मरणाच्या भीतीपोटी साठवलेला पैसा मालकाने स्वतःच्या सट्ट्यात वापरला होता. मग १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्था एकत्र झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी एलआयसी उभी राहिली. तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात असल्याच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला होता. त्याच राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि आमचं रायपूर मध्य प्रदेशात. आमच्या तात्यापाऱ्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक एका रात्रीत परराज्यात गेली, ती तेव्हा.

सरकार मालक झालं म्हणून प्रश्न सुटला का? नाही. वर्षभरातच मुंदडा प्रकरण उघडकीला आलं. हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांच्या शेअरमध्ये एलआयसीचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले गेले होते. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात विमेदाराला ठरलेली रक्कम मिळणार होती. पैसा कुठे गुंतवायचा हे संस्था ठरवत होती आणि चुकीचं ओझंही संस्थेवरच होतं.

युलिपने हे गणित उलटं केलं. आपल्याकडे हे नाव १९७१ मध्ये आलं. युनिट ट्रस्टने ‘युनिट लिंक्ड इन्शुरन्स प्लॅन’ काढला आणि त्यातला विमा एलआयसीकडून दिला. पैसे युनिटमध्ये, वर थोडं विम्याचं कवच. ती योजना मर्यादित राहिली. खरी लाट आली विम्याचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झाल्यावर. ऑक्टोबर २००० मध्ये पहिले परवाने मिळाले आणि १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य जन्माला आलं. म्हणजे १९५६ असो की २०००, आमचा नकाशा आणि देशाचा विमा एकाच वर्षी बदलले.

पुढच्या काही वर्षांत शेअर बाजार चढत होता आणि युलिप धडाक्याने खपत होती. तेव्हा काही योजनांत पहिल्या हप्त्यातून ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त रक्कम शुल्कापोटी कापली जाई. त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याच्या कमिशनला. हिशेब करून बघा. ३०,००० रुपये भरले, १२,००० कापले गेले, युनिट मिळाले १८,००० चे. नुसती मुद्दल भरून यायलाच बाजार ६६ टक्क्यांच्या वर चढायला हवा. त्यात ‘तीन वर्षं भरा आणि विसरून जा’ असं सांगून विक्री होई, कारण पैसे अडकण्याची मुदत तीनच वर्षांची होती. २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवरून ९ हजारांच्या खाली आला. घाबरून किंवा हप्ता झेपेना म्हणून लोकांनी पॉलिसी सोडल्या. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस या अभ्यासकांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळातलं ग्राहकांचं नुकसान दीड लाख कोटी रुपयांहून जास्त असल्याचा अंदाज मांडला. त्यांचा हिशेब मुख्यतः अर्ध्यावर बंद पडलेल्या पॉलिसींचा होता. म्हणजे नुकसान नुसतं बाजारामुळे झालं नाही, मध्येच सोडल्यामुळे झालं.

मग भांडण पेटलं. ९ एप्रिल २०१० रोजी सेबीने १४ कंपन्यांना सांगितलं, आमच्या परवानगीशिवाय युलिप विकायची नाही. दुसऱ्याच दिवशी विमा नियामक आयआरडीएने त्यांना सांगितलं, विकत राहा. जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून युलिप विम्याच्या खात्यात टाकली. पण या भांडणातून ग्राहकाचं भलं झालं. १ सप्टेंबर २०१० पासून मुदत पाच वर्षांची झाली, शुल्कांना वेसण बसली आणि मध्येच पॉलिसी सोडली तर पहिल्या वर्षीही कमाल ६,००० रुपयेच कापता येतात, अशी मर्यादा आली.

तेव्हा आजच्या युलिपला जुन्या पापाची शिक्षा देऊ नये. तिच्या चांगल्या बाजू खऱ्या आहेत. पैसे पाच वर्षं हलवता येत नाहीत, म्हणून खर्चिक माणसाची बचत होते. शेअरमधून रोख्यांत पैसे वळवले तर त्या वेळी कर लागत नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासूनच्या पॉलिसींत वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या आत असेल आणि बाकी अटी पाळल्या, तर मुदतीअंती मिळणारी रक्कमही करमुक्त असते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही राहिलेला नाही.

आता दुसरी बाजू. करसवलत मिळावी म्हणून युलिपचं कवच साधारण वार्षिक हप्त्याच्या दहा पट ठेवतात. ३०,००० हप्ता असेल तर ३ लाख. महिना २०,००० वर चालणाऱ्या घराला हे पैसे पंधरा महिने पुरतील. कर्ता पुरुष गेल्यावर मुलं काय पंधरा महिन्यांत मोठी होतात? याउलट प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं कवच मिळतं. बचत न जोडलेला शुद्ध टर्म विमाही अशाच कारणाने स्वस्त पडतो.

आणि भनपुरीची अडचण वेगळीच आहे. इथे मिलला मंदी आली की पाळ्या कमी होतात आणि पगार आटतो. युलिपचा हप्ता मात्र थांबत नाही. पाच वर्षांच्या आत तो थांबवला, तर पैसा वेगळ्या फंडात पडून राहतो, त्यावर किमान ४ टक्के मिळतात, पण हातात येतो पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच. शिवाय विम्याचं कवच त्याआधीच संपतं, नेमकं घर अडचणीत असताना.

म्हणून मला कुणी विचारलं, तर माझं सांगणं असं असतं. आधी घराला पुरेल एवढा टर्म विमा घ्या, सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवा. त्यानंतरही मंदीत पाच वर्षं भरता येईल एवढा हप्ता उरत असेल, तर युलिपचा विचार करा आणि तिचं शुल्कांचं पान म्युच्युअल फंडाच्या खर्चाशेजारी ठेवून वाचा. ज्यांनी नुकतीच घेतली आहे, त्यांनी कागद आज रात्रीच काढा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.