गोदाघाट (नाशिक)

नाशिक शहरात गोदावरीच्या दोन्ही तीरांवर, साधारणपणे अहिल्याबाई होळकर पुलापासून टाळकुटेश्वर पुलापर्यंत पसरलेला पायऱ्या, कुंडे, फरसबंद पटांगणे आणि देवळे यांचा पट्टा. उजव्या तीरावर जुने नाशिक, डाव्या तीरावर पंचवटी. स्थानिक लोक त्याला गंगाघाट म्हणतात, बोलण्यात तर नुसतेच ‘गंगा’. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणणारा नाशिककर काशीला निघालेला नसतो. तो फार तर अस्थी, भाजी किंवा भेळ यांपैकी एखाद्या कामासाठी बाहेर पडलेला असतो. गोदाघाटाची नोंद एरवी तीर्थक्षेत्रांत घेतली जाते. येथे ती पुळण आणि चौपाटी यांच्या जोडीने किनाऱ्यांत घेतली आहे, कारण समुद्र नसलेल्या या शहरात किनाऱ्याची बहुतेक कामे याच पट्ट्याने केली आहेत.

संज्ञा : पाण्याने आणून टाकलेल्या वाळूच्या उतरत्या पट्ट्याला कोकणात पुळण म्हणतात. देशावर त्याच अर्थी ‘वाळवंट’ हा शब्द चालत आला आहे. पंढरपूरचे वाळवंट म्हणजे चंद्रभागेची वाळू. थरच्या मरुभूमीसाठी हा शब्द मुख्यतः शालेय भूगोलाने रूढ केला. ‘चौपाटी’ मुंबईची, पण ती समुद्र सोडून केव्हाच आत आली. कोल्हापूरला रंकाळ्याची चौपाटी आहे, पुण्याला सारसबागेची. तेथे वाळू नसली तरी चालते, खाण्याच्या गाड्या मात्र लागतात. ‘घाट’ हा बांधलेला किनारा होय. नाशिकमध्ये सर्वांत जास्त चालणारा शब्द हाच.

भूरचना : गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र सु. ८० किमी. आहे, नदी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून सु. १,४६५ किमी. चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकमधील पात्र दख्खनच्या काळ्या खडकाचे आहे. समुद्राची पुळण लाटा रोज घडवतात आणि मोडतात. नदीकाठची वाळू वर्षातून एकदा, पुराने येते आणि पुढच्या पुराने जाते. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. धरण पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही अडवते, त्यामुळे खाली नव्याने येणारी वाळू घटते. रामकुंडापाशी अरुणा आणि जवळच वरुणा (वाघाडी) गोदावरीला मिळतात असे मानतात. अरुणा आज डोळ्यांना दिसत नाही.

कुंडे : पात्रातच बांधलेली कुंडे हे गोदाघाटाचे खरे वैशिष्ट्य. उन्हाळ्यात नदी आटली तरी स्नानापुरते पाणी साठून राहावे, हा त्यांमागचा व्यवहार. रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधले. त्याची लांबी सु. २७ मी. आणि रुंदी सु. १२ मी. आहे. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी ते दुरुस्त करवले. त्या उत्तरायुष्यात नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. १७८८ मध्ये नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याबाई कुंड, शारंगपाणी कुंड, दुतोंड्या मारुतीचे कुंड अशी इतर नावे १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्येही आहेत. एकूण संख्या निरनिराळी सांगतात. कोणत्या हौदाला कुंड म्हणायचे यावर ती ठरते.

रामकुंडाच्या एका भागाला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. येथे अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे आणि महाराष्ट्राबाहेरूनही लोक त्यासाठी येतात. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये येथे विसर्जित झाला. शेजारच्या गांधी तलावाचे आणि गांधी ज्योतीचे नाव त्यावरून आले. येथील तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जातात. घराण्याचे नाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्ये चोपडी काढतात आणि यजमानाला आजोबा-पणजोबांच्या भेटीची नोंद, कधी सहीसुद्धा, पाहायला मिळते. कोणत्याही समुद्रकिनाऱ्याला आपल्या पाहुण्यांचा इतका जुना हिशेब ठेवणे जमलेले नाही.

देवळे : नारोशंकराचे देऊळ (रामेश्वर) नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधले. त्याच्या दर्शनी भिंतीवरची मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा असल्याचे सांगतात. तसे असल्यास समुद्रावरून घाटावर आलेली ही सर्वांत वजनदार वस्तू ठरते. सुंदरनारायण मंदिर १७५६ चे, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेले. कपालेश्वरासमोर नंदी नाही. देवमामलेदार म्हणून प्रसिद्ध असलेले यशवंतराव महाराज १८८७ मध्ये नाशिकला निवर्तले. त्यांचे मंदिर घाटावर आहे आणि त्यासमोरच्या पटांगणावर दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते.

पूर : समुद्राला रोज दोनदा भरती येते. गोदाघाटाची भरती पावसाळ्यात येते आणि १९६५ पासून ती गंगापूरच्या दारांवरही अवलंबून असते. विसर्गाचा इशारा आला की घाटावरचे विक्रेते टपऱ्या उचलतात, पुरोहित आपली आसने वरच्या पायरीवर नेतात. पाणी मोजायला पाटबंधारे खात्याची पट्टी असली तरी शहराचे माप दुतोंड्या मारुती आहे. पात्रातल्या या उंच मूर्तीच्या पायाला पाणी लागले म्हणजे नदी वाढली. कमरेला लागले की लोक पूर पाहायला पुलांवर येतात. छातीपर्यंत आले की काठाजवळच्या सराफ बाजारातली दुकाने रिकामी होऊ लागतात. वर्तमानपत्रेही पाण्याची पातळी याच मापात छापतात. मूर्ती दुतोंडी असल्याने एक तोंड येणारे पाणी पाहते आणि दुसरे जाणारे, अशी मौज घाटावर सांगितली जाते.

अलीकडच्या मोठ्या पुरांत २००८, २०१६ आणि २०१९ ही वर्षे येतात. सांगली-कोल्हापूर यांच्या मानाने येथला पूर लवकर चढतो आणि लवकर उतरतो, कारण उगम जवळ आहे आणि उतार बराच आहे. उतरल्यावर पायऱ्यांवर राहणारा चिखल टँकरच्या पाण्याने धुवावा लागतो.

प्रवेश : किनारा सर्वांचा असतो, हे गृहीतक गोदाघाटाला फार काळ लागू नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून, पंचवटीतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची दारे बंद आढळल्यावर मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली आणि तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. ९ एप्रिलला, रामाच्या रथाच्या प्रसंगी, दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा पुढे चालवला. देवळाच्या दाराबरोबर कुंडाच्या पाण्याचा प्रश्नही त्यात होता. सत्याग्रह १९३५ मध्ये थांबवण्यात आला आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. घाटावरच्या माहितीफलकांपेक्षा हा इतिहास पुस्तकांत अधिक सापडतो.

सिंहस्थ : गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे सु. बारा वर्षांनी, भरणारा कुंभमेळा. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतात. ही विभागणी पेशवाईत दोन्ही पक्षांत झालेल्या संघर्षानंतरची आहे. तपशिलांबाबत दोन्हीकडची कथने जुळत नाहीत. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे येणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ मध्ये येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे ठेवले होते आणि नवे घाट बांधले गेले. पुढचा सिंहस्थ २०२६–२७ मध्ये.

काँक्रीट : २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांचे तळ आणि पात्राचा भाग काँक्रीटने झाकला गेला. त्यामुळे तळातले जिवंत झरे बुजले, असा गोदाप्रेमींचा आक्षेप आहे. स्नानाच्या सोयीसाठी ते आवश्यक होते, असे काहींचे म्हणणे. पुढे काही कुंडांतले काँक्रीट काढण्याचे काम झाले. कुंड हे मुळात आटणाऱ्या नदीत पाणी धरण्याचे साधन असताना त्याचा तळ बंद करणे ही चूक होती, एवढे तरी म्हणता येईल. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्यानंतर कपडे आणि वाहने धुण्यावर बंदी आली. कपडे अजूनही धुतले जातात.

करमणूक : पोहणे, भेळ, गणेशविसर्जन, संध्याकाळची आरती. ‘गोदावरी’ (२०२२) हा निखिल महाजन दिग्दर्शित मराठी चित्रपट येथेच घडतो.

बाजार : कोकणच्या कोळी गावांत पुळण ही आधी होड्या ओढण्याची आणि मासळी सुकवण्याची जागा होती, फिरायला येणारे नंतर आले. गोदाघाटावरही देव आणि बाजार यांत कोण आधी आले हे सांगणे अवघड आहे. रोजचा व्यापार पूजासाहित्य, भाजी आणि भांडी यांचा. गंगाजळाचे तांब्याचे गडू घेण्यासाठी यात्रेकरू जवळच्या भांडी बाजारात जातात. मोठा आठवडे बाजार गाडगे महाराज पुलाच्या परिसरात दर बुधवारी भरतो. आसपासच्या गावांतले शेतकरी माल घेऊन थेट पात्रालगत बसतात. शासनाने नदीकाठी पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल अशा दोन रेषा आखल्या आहेत. बुधवारचा बाजार निळ्या रेषेच्या आत बसतो.